रुग्ण नेला नाही

आमच्या मॅडमच्या वर्गात एक रीत होती. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायचं असेल, तर आधी ते आपल्या तोंडून मांडायचं, आणि तो स्वतः "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. आम्ही त्याला 'होकार घेणं' म्हणायचो. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या सत्रात पार्किंगच्या दरांवरून दोघं जण अख्खा तास अडकून पडले होते. एक मांडायचा, दुसरा मान हलवायचा, "नाही, असं नाही म्हणालो मी." शेवटी मॅडम घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "गाड्या अजून रस्त्यावरच उभ्या आहेत. उद्या या." आम्ही हसलो. पण त्यानंतर कुणी दुसऱ्याचं बोलणं अर्धवट ऐकून तोंड उघडलं नाही.

लोकप्रशासन आणि धोरण या विषयात एम.ए. करताना दुसऱ्या वर्षी खरं काम अंगावर पडतं. एखाद्या खात्याचा प्रश्न घ्यायचा, आकडे तपासायचे, अहवाल लिहायचा आणि जनसुनावणीत लोकांसमोर बसायचं. मॅडमनी आपली रीत खात्यांच्याही गळी उतरवली होती. नागरिकाने हरकत घेतली, की अहवाल लिहिणाऱ्याने ती आपल्या शब्दांत मांडायची. नागरिकाचा होकार आला, तरच ती इतिवृत्तात जायची.

आमच्या गटाकडे आरोग्य खात्याचा विषय होता. शहराच्या कडेकडेची छोटी अँब्युलन्स केंद्रं खात्याने प्रयोग म्हणून बंद केली होती आणि सगळ्या गाड्या एका मध्यवर्ती केंद्रात आणल्या होत्या. ही व्यवस्था कायम करावी का, एवढाच प्रश्न होता. मी तो निवडला तेव्हा आई होती. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवण्यात तिचं आयुष्य गेलं. पर्समध्ये कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही, "डाव्या बाजूला कललाय तुमचा चष्मा, द्या इकडे." मी तिला विषय समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "आणि पुलापलीकडच्यांचं काय? म्हणजे आपलं?"

"तेच तर बघायचंय."

"बघ मग. आणि मला सोप्या भाषेत सांग."

ते बघून व्हायच्या आत आई गेली. दुपारची वेळ होती, ती जिन्यावरून पिशव्या घेऊन वर आली आणि दारातच बसली. बाबांनी फोन केला. आमच्या वसाहतीचं केंद्र, पोस्टाच्या शेजारचं, तेव्हा बंद झालेलं होतं. गाडी मध्यवर्ती केंद्रातून निघाली आणि पुलावर अडकली. ती आली तेव्हा गाडीतल्या माणसांनी तपासलं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिकामं स्ट्रेचर परत खाली नेलं.

बाबा लिफ्टची दुरुस्ती करतात. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की त्यांची पहिली शिकवण एकच असते, आतल्या माणसाशी बोलत राहायचं. "आलोच, आलोच, एक मजला राहिला," असं खोटंखोटं म्हणत राहायचं. त्या दुपारी फोनवरचा माणूसही त्यांना हेच म्हणत होता. गाडी निघाली आहे, साहेब. गाडी पोहोचतेच आहे. "मला कळत होतं तो काय करतोय ते," बाबा नंतर एकदाच म्हणाले. "मीच आत होतो."

मॅडमनी मला विषय बदलायला सांगितलं. ग्रंथालयांच्या वेळांचा एक विषय अजून कुणी घेतलेला नव्हता. मी नको म्हटलं. बाबांनी मात्र हे ऐकल्यावर आमच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर सांगायला सुरुवात केली. "अहवाल आमची पोरगी लिहितेय. आता बघाच." कामावर, जिन्यात, दूधवाल्याला. आई गेल्यापासून त्यांच्या आवाजात जान आलेली ती तेवढीच एक गोष्ट होती. आणि माझ्यासमोर आकडे एकेक करून उलट बाजूला बसत होते.

कारण एकत्रीकरणाने वेळ खरंच कमी झाला होता. छोट्या केंद्रात एकच गाडी असायची. ती बाहेर गेली की मागून येणाऱ्या फोनला वालीच नाही. मध्यवर्ती केंद्रात एक ना एक गाडी कायम उभी. बाबांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक विंगला एकेक लिफ्ट ठेवण्यापेक्षा सगळ्या लिफ्ट एका लॉबीत शेजारीशेजारी ठेवल्या, की रांग लवकर हलते. मी हे तीन वेगळ्या पद्धतींनी करून पाहिलं. आमच्या गटातला सगळ्यात हुशार मुलगा, ज्याला आम्ही कात्री म्हणायचो, त्याने चौथ्या पद्धतीने करून पाहिलं. डेटातल्या निरुपयोगी ओळी कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलणंही तसंच, कापून काढलेलं. तो म्हणाला, "तेच येतंय. कायम करा, असं लिहावं लागेल. तुला जमेल?"

"आकडे तसे असतील तर जमेल."

आम्ही तसं लिहिलं. अहवाल सुनावणीआधी जाहीर होईपर्यंत घरी बोलायची परवानगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या नियमाचा मला आधार होता.

अहवाल जाहीर झाला तो रविवारी. बाबा सुनावणीसाठी त्या दिवशीही उघड्या ठेवलेल्या वॉर्ड ऑफिसमधून छापील प्रत घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ती उघडून बसले, हातात पेन्सिल. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आई गेल्यापासून आमच्याकडेच होती. ती भाजी निवडत होती आणि दर दोन मिनिटांनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

बाबांनी पान उलटलं. पुन्हा मागे आले.

"'एकत्रीकरण कायम करावे,'" त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे न बघता, "हे तू लिहिलंस?"

"आम्ही लिहिलं, बाबा. गटाने."

"गटाला नाव असतं का? खाली तुझं आहे."

"हो."

आत्याने सुरी खाली ठेवली. "अगं, एम.ए. करतेयस की यमाची वकिली?"

"तू थांब," बाबा तिला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सरासरी वेळ कमी झाला म्हणतेस. कुणाचा?"

"सगळ्या शहराचा. म्हणजे काही भागांत वाढलाय, आपल्याकडे थोडा वाढलाय, ते लिहिलंय पुढे, पण एकूण..."

"थोडा."

"तक्त्यात आहे."

त्यांनी तक्ता काढला. आमच्या वसाहतीच्या ओळीवर पेन्सिलचं टोक ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. मग चष्मा काढून विचारलं, "यात तुझी आई आहे ना?"

"असणारच. शहरातला प्रत्येक फोन आहे त्यात."

"दाखव."

"बाबा, तक्त्यात माणसं दिसत नाहीत. बेरीज असते."

"तुझ्या त्या मशीनमध्ये दिसत असतील. दाखव मला. कुठे आहे ती, एवढंच बघायचंय. मग काही बोलणार नाही."

मी लॅपटॉप आणला. मला वाटलं होतं, एक ओळ दाखवावी, तारीख, भाग, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, म्हणजे तिची गणना झाली आहे हे तरी त्यांना दिसेल. मी तारीख टाकली, भाग निवडला. त्या दिवशीच्या आमच्या भागातल्या दोन ओळी आल्या. एक सकाळची, एक संध्याकाळची. दुपारची नव्हती.

मी पुन्हा शोधलं. मग मूळ फाइल उघडली, खात्याकडून आलेली, कात्रीचा हात लागण्याआधीची. तिथे ती होती. शेवटच्या रकान्यात गाडीवाल्यांनी भरलेला शेरा होता: रुग्ण नेला नाही.

समजायला मला वेळ लागला नाही, लागला असता तर बरं झालं असतं. आमच्या कामात आकडे हातात आले की आधी ते साफ करतात. ज्या फोनवर गाडी गेली पण रुग्णाला घेऊन आली नाही, असे फोन काढून टाकायचे. कारण ते बहुतेक खोडसाळ असतात, किंवा पत्ता चुकलेला असतो, किंवा माणूस तोवर रिक्षाने निघून गेलेला असतो. सगळे असंच करतात. आमच्या आधीच्या प्रत्येक अहवालात असंच केलेलं होतं. आणि गाडी पोहोचेपर्यंत जो मेला, त्यालाही नेत नाहीत. त्याच्यासाठी दुसरी गाडी येते. त्याच्या रकान्यातही तेच तीन शब्द येतात.

म्हणजे गाडीला जितका उशीर, तितकी ओळ गळण्याची शक्यता जास्त. आणि ओळ गळली, की सरासरी सुधारते.

"नाहीये," मी म्हटलं.

"काय नाहीये?"

मी सांगितलं. शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, आईला सांगितलं असतं तसं. बाबा ऐकत होते. आत्याही ऐकत होती, तिच्या मांडीवरून एक शेंग घरंगळून फरशीवर पडली आणि तिने ती उचलली नाही.

"म्हणजे तिचा फोन," बाबा म्हणाले, "खोट्या फोनांत धरलाय."

"खोट्या नाही. वगळलेल्या."

"वगळलेल्या." त्यांनी अहवाल मिटला आणि पेन्सिल त्यावर समांतर ठेवली, जशी हत्यारं ठेवतात तशी. "परवा सुनावणी आहे. मी बोलणार आहे. तिथे तू असशील ना?"

"असेन."

"मग तिथेच बोलू."

तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, पण टेबलावर कप ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

सोमवारी मी विभागाच्या संगणक खोलीत कात्रीला गाठलं. मूळ फाइल उघडून त्याला तो रकाना दाखवला. तो खुर्चीत मागे रेलला.

"सगळे काढतात या ओळी," तो म्हणाला. "नियमच आहे."

"माहितीये."

"मी मुद्दाम नाही..."

"मी तसं म्हटलंच नाही. किती आहेत?"

त्याने मोजल्या. बऱ्याच होत्या. नको तितक्या. त्यातले किती खोडसाळ आणि किती माझ्या आईसारखे, हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. कारणं गाडीवाल्यांच्या हस्तलिखित टिपणांत होती आणि ती टिपणं खात्याच्या गोदामात. ती एका दिवसात मिळणं शक्य नव्हतं. मिळाली तरी वाचून होणं शक्य नव्हतं.

"समज सगळं वाचलं," कात्री म्हणाला, "आणि पुन्हा मोजल्यावर निकाल हाच आला?"

"तर हाच."

"मग कशाला? उद्या उभं राहून स्वतःच्याच अहवालावर दगड मारायचा? अख्खं सत्र पुन्हा करावं लागेल, सगळ्या गटाला. मला पुढच्या महिन्यात त्याच खात्यात रुजू व्हायचंय. नियोजन कक्षात. तोंडी सांगितलंय त्यांनी, लेखी अजून नाही." मग जे सगळ्यांच्या मनात येणार होतं ते त्याने म्हटलं. "आणि लोक काय म्हणतील? आई गेलीय म्हणून हिला आत्ता आठवलं. तुझ्या जागी दुसरी कुणी असती, तर तिला ही ओळ दिसलीच नसती."

"तेच म्हणतेय मी. दिसलीच नसती."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तेच शब्द होते.

मॅडमच्या खोलीत आम्ही दोघं गेलो. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून उत्तरपत्रिका तपासत होत्या. बसून त्यांना तपासता येत नाही, झोप येते म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लाल पेनाचं टोपण लावलं.

"ही हरकत तुमची आहे, की तुमच्या दुःखाची?"

"मला वेगळं करता येत नाहीये, मॅडम."

"प्रयत्न करा. नाही जमलं, तर उद्या टेबलावर बसू नका. तुमच्या जागी ते बसतील." त्यांनी कात्रीकडे मान वळवली. "त्यात कमीपणा नाही. सर्जनसुद्धा घरच्या माणसावर चाकू चालवत नाही."

"आणि दोष? तो अहवालात आहेच."

"अहवाल सादर झालाय. मला तो आज मागे घेता येत नाही, सुनावणीनेच परत पाठवला तर येईल. दोष ज्याला माहीत आहे, त्याने तो तिथे सांगायचा. पण भाषण करायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. तिथे तुमचं काम एकच. लोकांचं म्हणणं मांडायचं. कुणी ते म्हटलं, तरच ते तुमच्या तोंडून निघू शकतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचे वडील बोलणार आहेत, असं ऐकलं."

"हो."

"त्यांचा होकार दुसऱ्या कुणी घेतला तर चालेल."

"नाही," मी म्हटलं. "मीच घेईन."

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या वरच्या सभागृहात होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एकच पंखा आणि तोही व्यासपीठाच्या दिशेने, असा माइक की जो 'स' म्हटलं की शिट्टी मारायचा. मध्यभागी आरोग्य अधिकारी, खिशात एकाच उंचीची तीन पेनं. त्यांच्या डावीकडे आम्ही दोघं. मॅडम पहिल्या रांगेत, पाठ सरळ. बाबा आणि आत्या मागून तिसऱ्या रांगेत होते. बाबांनी कामाचाच शर्ट घातला होता, खिशावर लिफ्ट कंपनीची पट्टी असलेला. आत्या नव्या कोऱ्या साडीत, लग्नाला आल्यासारखी, आणि चेहरा मात्र भांडायला आल्यासारखा.

पहिला आला तो एक टॅक्सीवाला. केंद्रं बंद झाल्यापासून लोक आजारी माणसाला त्याच्याच गाडीत घालतात, असं त्याचं म्हणणं. "सीट धुवायचं कुणी?" मी मांडलं, तो म्हणाला, "हो. आणि वास?" मी वास जोडला. तो खूश होऊन बसला.

मग मध्यवर्ती भागातल्या एक काकू उठल्या. त्यांचा आवाज कापत होता. त्यांचे यजमान घरात कोसळले तेव्हा केंद्रातली एक गाडी नुकतीच बाहेर पडली होती, पण दुसरी उभी होती. "पूर्वीसारखी एकच असती तर? माझे हे आज घरी बसून क्रॉसवर्ड सोडवतायत. मला चिडवतायत. केंद्रं पुन्हा वेगळी करू नका हो." त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मी त्यांचं म्हणणं मांडलं. मला ते मांडताना कुठेही अडखळायला झालं नाही, आणि तेच मला जड गेलं. "हो बाई," त्या म्हणाल्या. "अगदी हेच."

मग बाबांचं नाव पुकारलं गेलं.

ते माइकपाशी आले. माइक त्यांच्या उंचीला खाली होता. त्यांनी सवयीने त्याचा स्क्रू सैल केला, दांडा वर घेतला, पुन्हा घट्ट केला. लोक हसले. ते हसले नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "नमस्कार, मॅडम."

माझ्या बाबांनी मला मॅडम म्हटलं. कात्रीने टेबलाखाली माझ्या बाजूला पाण्याची बाटली सरकवली.

"माझी बायको गेली," बाबा म्हणाले. "पोस्टाशेजारचं केंद्र चालू असतं, तर गाडी पुलाच्या अलीकडूनच आली असती. गाडी जवळ असती, तर ती वाचली असती. मला एवढंच म्हणायचंय."

अधिकारी माझ्याकडे वळले. "मांडा."

"नागरिकाचं म्हणणं असं," मी सुरुवात केली. माइकने शिट्टी मारली. मी थोडी मागे झाले. "नागरिकाचं म्हणणं असं, की पोस्टाशेजारचं केंद्र चालू असतं, तर गाडी वेळेत पोहोचली असती आणि त्यांच्या पत्नीचा जीव वाचला असता."

बाबांनी माइकचा दांडा धरला.

"हो म्हणा," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"नाही," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी भुवया उचलल्या. "अहो, तुमचेच शब्द आहेत. जसेच्या तसे."

"शब्द माझे आहेत. पण ते नाही." त्यांनी माइकचा दांडा अजून सोडला नव्हता. "डॉक्टरने सांगितलं, काही सांगता येत नाही. ते मला माहितीये. मी ते बोललो, कारण माझ्याकडे दुसरं वाक्य नाहीये. तुमच्याकडे असेल तर बघा."

मला ते काय मागत होते ते कळलं. मॅडम पहिल्या रांगेतून माझ्याकडे एकटक बघत होत्या, आणि त्यांचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला, तुमची की तुमच्या दुःखाची. मी उत्तर शोधलं नाही. मी समोरच्या माणसाकडे पाहिलं. नागरिकाकडे.

"नागरिकाचं म्हणणं असं," मी म्हटलं. "त्यांच्या पत्नी वाचल्या असत्या की नाही, हे कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. पण त्या दुपारी त्यांनी फोन केला. गाडी निघाली, पुलावर अडकली आणि उशिरा पोहोचली. तोवर त्या गेल्या होत्या, म्हणून गाडीने त्यांना नेलं नाही. नेलं नाही, म्हणून या अहवालाने तो फोन खोडसाळ फोनांबरोबर वगळला. ज्यांच्यापर्यंत गाडी सगळ्यात उशिरा पोहोचली, तेच लोक या सरासरीत नाहीत. नागरिकाचं म्हणणं असं, की त्या वाट बघत होत्या, आणि ती वाट बघणं कुणी मोजलेलं नाही."

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. अधिकारी पुढे झुकले. "हे नागरिक म्हणालेले नाहीत. हे तुम्ही म्हणताय."

"त्यांना विचारा," मी म्हटलं.

सगळे बाबांकडे वळले. बाबांनी माइकवरचा हात काढला.

"हो," ते म्हणाले. "हेच."

"हेच म्हणजे?" अधिकारी आता चिडले होते. "अहवालात त्रुटी आहे, असा आरोप इतिवृत्तात जाणार. खातं विचारेल, की अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचं आणि या गृहस्थांचं नातं काय?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी शेजारचा माइक खरखरला.

"ओळी मी काढल्या," कात्री उभा राहून म्हणाला. त्याचं नेहमीचं तुटक बोलणं, पण आवाज बसलेला. "माझं त्यांच्याशी नातं नाही. मूळ फाइल तुमच्याच खात्याची आहे. 'रुग्ण नेला नाही' असे फोन मी सरसकट काढले. त्यात मेलेले किती, ते मला माहीत नाही. माहीत नसताना 'कायम करा' लिहिलं. ते नको होतं." आणि तो खाली बसला. मग पुन्हा अर्धवट उठून म्हणाला, "एवढंच."

आत्या मागून मोठ्याने म्हणाली, "बरं झालं, कुणाला तरी बोलता येतं." दोन-तीन जण हसले, आणि त्या हसण्याने अधिकाऱ्यांना घाम पुसायला वेळ मिळाला. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम फक्त बघत राहिल्या.

अहवाल परत पाठवला गेला. गाडीवाल्यांची टिपणं गोदामातून काढून द्यायची, फोन पुन्हा मोजायचे आणि मगच निर्णय. तोवर व्यवस्था आहे तशीच राहणार होती. म्हणजे पोस्टाशेजारचं केंद्र बंदच. क्रॉसवर्डवाल्या काकू जाताना माझ्याकडे घाबरून बघत होत्या, जसं काही मी त्यांच्या दारातून काहीतरी उचलून नेलंय. त्यांचं भय खोटं नव्हतं. पुन्हा मोजल्यावर निकाल कुणीकडे झुकेल, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

जिन्यात कात्री भेटला. "नियोजन कक्षाचे साहेब ओळख न दाखवता गेले," तो म्हणाला.

"मग आता?"

"आता टिपणं वाचायची. डॉक्टरांचं अक्षर वाईट म्हणतात, गाडीवाल्यांचं बघ." तो उतरून गेला.

बसमध्ये आत्या पुढच्या सीटवर बसली आणि पुलाआधीच तिला डुलकी लागली. बाबा माझ्या शेजारी होते. पुलावर बस थांबली, नेहमीसारखी. समोर गाड्यांची रांग होती.

"पुन्हा मोजून तेच आलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर तेच लिहीन, बाबा."

"मग मी परत येईन. नाही म्हणायला."

"या ना."

त्यांनी चष्मा काढून हातात फिरवला. उजवी काडी सैल झाली होती. कधीपासून, कुणास ठाऊक. मी पर्स उघडली. आईचा स्क्रूड्रायव्हर मी तिच्या पर्समधून माझ्या पर्समध्ये घेतला होता, पण वापरला कधी नव्हता. स्क्रू घट्ट करताना माझा हात तिच्यासारखा सफाईने चालत नव्हता. बाबांनी चष्मा घातला. तो थोडा डावीकडे कलला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

घरी पोहोचल्यावर आत्या हातपाय धुवायला गेली. बाबा दाराशीच थांबले, जिथे आई बसली होती तिथे. चप्पल काढत, खाली बघत ते म्हणाले,

"गाडी जवळ असती, तर वाचली असती ती."

ते काही सभागृह नव्हतं. तिथे माइक नव्हता, इतिवृत्त लिहिणारं कुणी नव्हतं. ते कुणालाच सांगता येत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

"हो, बाबा," मी म्हटलं.